जिप्सीचा एक्झॉस्ट झटपट उतरवायचा होता: जोड कुठे आणि कोणता?

गाडी मारुतीची बीएस-४ जिप्सी. मालक कोल्हापूरचे. पावसाळा लागला की गगनबावडा, राधानगरी, आंबा या पट्ट्यात खासगी जमिनींवर फोर-बाय-फोरच्या चिखलस्पर्धा भरतात, त्यांत ही गाडी हमखास असते. अर्धा क्लच दाबून चिखलातून गाडी ओढत राहिलं की प्लेट जळणारच, आणि जिप्सीत क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली. गिअरबॉक्स खाली यायचा तर त्याच्या पोटाखालून जाणारा एक्झॉस्टचा पाइप आधी बाजूला व्हायला हवा.

तिथेच घोडं अडत होतं. गिअरबॉक्स उतरवायला सराईत मिस्त्रीला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ दोन गंजलेल्या जोडांत जायचा. नट गोल झालेले, बोल्टच्या मुंड्या तुटलेल्या, आट्यांत लाल माती भरून घट्ट झालेली. कॅम्पवर कुणाकडे गॅस कटर असला तर तो मागायचा आणि पेट्रोलच्या गाडीखाली झोपून पेटवायचा. हा शेवटचा प्रकार थांबला पाहिजे, या एका कारणासाठी मालक उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपमध्ये आले. मागणी सोपी होती: एका माणसाने, साध्या पान्यांनी, दहा-पंधरा मिनिटांत मधला पाइप काढावा आणि काम झालं की तसाच परत बसवावा. गळती नको, आवाजात फरक नको.

एक गोष्ट पहिल्याच बैठकीत ठरली. गाडी रस्त्यावर चालते, त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, थोडक्यात कॅट) आणि मूळ सायलेन्सर जिथे आहेत तिथेच राहणार. झटपट निघणारा एक्झॉस्ट म्हटलं की बऱ्याच जणांच्या मनात सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावणं येतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या रचनेत फेरफार करू देत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या गावांच्या शिवारात या स्पर्धा होतात तिथल्या लोकांना दिवसभर फटफट ऐकवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यांचीच जमीन मागायची, हे मला पटत नाही. तेव्हा आमचं काम फक्त जोडांचं होतं. पाइपाचा मार्ग, व्यास आणि आतली उपकरणं मूळचीच.

मालक ठरवून आले होते: "दोन्ही टोकांना व्ही-बँड टाका." व्ही-बँड म्हणजे पाइपाची दोन टोकं एका पट्ट्याने आवळून धरणारा जोड. इंटरनेटवर रेसच्या गाड्या पाहिलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, आणि व्ही-बँड चांगला जोड आहे यात वाद नाही. पण जोडाचा प्रकार ही दुसरी पायरी. पाइपात तो जोड कुठे येणार, तिथे काय हलतं, किती तापतं आणि पाना कुठून जातो, हे आधी बघावं लागतं. म्हणून गाडी रॅम्पवर घेऊन फक्त मोजमापं केली.

जिप्सीचं इंजिन लांबीच्या दिशेने बसलेलं. ॲक्सिलरेटर दाबला की ते आपल्या रबरी माउंटिंगवर आडवं कलतं, आणि त्याला घट्ट जोडलेला डाउनपाइपही (इंजिनापासून खाली उतरणारा पहिला पाइप) त्याच्यासोबत डोलतो. सायलेन्सर मात्र चासीला रबरी हँगरने टांगलेला. म्हणजे मधल्या पाइपाचं एक टोक इंजिनाच्या ताब्यात आणि दुसरं चासीच्या. या दोन मालकांमधलं भांडण सोसणारा भाग नसेल तर पहिल्यांदा वेल्ड फाटतं किंवा मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचे) स्टड तुटतात. चिखलात गाडी अडकते, ड्रायव्हर पुढे-मागे झोके देतो, तेव्हा हे भांडण शिगेला असतं.

त्यात तापल्यावरची वाढ. काढायचा भाग सुमारे १.२ मीटर लांब. पाइपाचं तापमान ३८० अंशांनी चढलं असं धरलं तर ३०४ स्टेनलेसचा पाइप जवळपास ८ मिमी लांबतो, कारण त्याचा प्रसरण गुणांक दर अंशाला दशलक्षांश १७ च्या आसपास. साध्या पोलादाचा किंवा मूळ एक्झॉस्टमध्ये वापरतात त्या ४०९ जातीच्या फेरिटिक स्टेनलेसचा गुणांक ११ ते १२, तेव्हा तेवढाच पाइप पाच-साडेपाच मिमी वाढतो. स्टेनलेस म्हणजे सरसकट वरचढ असं समजून ३०४ घेणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. दोन्ही टोकं जखडली तर हे आठ मिमी कुठेतरी जाणारच, आणि ते जातात फ्लँज (पाइपाच्या टोकाची जोडणीची चकती) वाकवण्यात.

आता जोडांचे पर्याय. टेबलावर चार होते.

पहिला, सपाट प्लेटचा फ्लँज. दोन बोल्टचा आम्ही लगेच बाद केला. दोनच बोल्ट असले की त्यांच्या मधल्या बाजूंना दाब पोचत नाही, तापून-थंड होऊन प्लेट धनुष्यासारखी वाकते आणि पॅकिंग मधोमध फुंकतं. तीन बोल्टचा फ्लँज १० मिमी जाड प्लेटमधून कापला आणि वेल्डिंगनंतर लेथवर तोंड मारून घेतला तर तो वर्षानुवर्षं गळत नाही. स्वस्त आहे, कुठल्याही गावात दुरुस्त होतो, आणि बोल्टांच्या जागा ठरलेल्या असल्यामुळे पाइप दर वेळी त्याच कोनात बसतो. अडचण एवढीच की या गाडीत तिसऱ्या बोल्टच्या डोक्यावर क्रॉसमेंबर (चासीचा आडवा दांडा) येत होता. तिथे पाना अर्धा दातच फिरतो. तीन बोल्टपैकी एकासाठी हात खरचटत बसायचं असेल तर झटपट हा शब्दच गेला.

दुसरा, स्प्रिंगचा सरकजोड. एक पाइप दुसऱ्यात सरकवायचा आणि दोन-तीन स्प्रिंगांनी ओढून धरायचं, मोटारसायकलवर दिसतं तसं. सुटायला याच्याइतकं वेगवान काही नाही, आणि लांबीची वाढ तो आपोआप गिळतो. पण तो थोडा गळतोच. मोटारसायकलवर ती गळती वाऱ्यात उडून जाते. इथे जोड केबिनच्या खाली येत होता आणि गाडीचं छत कापडी, मागचा पडदा बहुतेक वेळ गुंडाळलेला. चिखलात गाडी जागेवर उभी राहून इंजिन ओरडत असतं तेव्हा खालून येणारा कार्बन मोनॉक्साइड सरळ आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. या गाडीत मी तो जोड कुठल्याही किमतीला लावला नसता. शिवाय पाणी-चिखलात बुडणारा सरकजोड मातीने भरतो आणि मग झटपट निघतही नाही.

तिसरा, गोलाकार बैठकीचा जोड, ज्यात एका बाजूला डोनट पॅकिंग, दुसऱ्या बाजूला वाटीसारखा फ्लँज आणि दोन स्प्रिंगवाले बोल्ट. कितीतरी मारुती गाड्यांत कंपनीच तो देते. स्प्रिंगमुळे दाब कायम राहतो, गोल बैठकीमुळे काही अंश कोन बदलला तरी पॅकिंग चिकटून राहतं. बोल्ट खांद्याचे असतात, म्हणजे एका ठरलेल्या जागी टेकून थांबतात, त्यामुळे कमी-जास्त आवळण्याचा प्रश्न उरत नाही. याला हलकं समजतात, ते चूक आहे. लाखो किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीत हा जोड निमूटपणे काम करतो.

चौथा, व्ही-बँड. दोन गोल फ्लँज, दोघांची कड उतरती, आणि त्यांच्यावर आतून व्ही आकाराची खाच असलेला पट्टा. एकच टी-बोल्ट, एकच नट. पट्टा आवळला की खाचेच्या उतारावर फ्लँज एकमेकांकडे ढकलले जातात, सगळ्या परिघावर सारख्या दाबाने. पाचरीचं तत्त्व आहे हे, म्हणून छोट्या बोल्टमधून मोठा दाब मिळतो आणि बहुधा पॅकिंगही लागत नाही. हा पट्टा बाजारात आणणाऱ्यांत अमेरिकेतला विनोदी नट झेप्पो मार्क्स होता. नटपणा सोडून त्याने मारमन नावाची कंपनी काढली आणि आजही अशा पट्ट्याला मारमन क्लॅम्प म्हणतात. उपग्रहाला अग्निबाणावर धरून ठेवणारा आणि योग्य क्षणी सोडणारा पट्टा याच जातीचा. अशी ज्याची कुळी, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या तीन अटी आहेत आणि विकणारे त्या सांगत नाहीत.

एक: व्ही-बँड ताठ जोड आहे. त्याच्यात कोन सोसण्याची ताकद शून्य. पाइप दोन अंशांनी तिरपा येत असेल तर पट्टा जबरदस्तीने बसेल, पण फ्लँजची एक बाजू कायम उघडी राहील.

दोन: चांगल्या व्ही-बँडमध्ये एका फ्लँजवर ओठ असतो आणि दुसऱ्यात त्याचं घर. त्यामुळे जोड आपोआप मध्यावर येतो आणि गळती कमी होते. पण त्यामुळेच पट्टा काढला तरी पाइप सरळ खाली पडत नाही. आधी तो काही मिमी मागे सरकवावा लागतो. दोन्ही टोकांना असे ओठवाले व्ही-बँड आणि मधे ताठ पाइप असेल तर तो पाइप निघायला जागाच नसते. दोन्हीकडे व्ही-बँड मागणाऱ्या मालकांना मी हेच दोन रिकाम्या फ्लँजांनी टेबलावर दाखवलं, आणि चर्चा तिथे संपली. सपाट तोंडाचे, ओठ नसलेले फ्लँज मिळतात, पण चिखलाच्या अंधारात पाठीवर झोपून ते मध्यावर धरत पट्टा चढवणं एका माणसाचं काम नाही.

तीन: व्ही-बँड गोल फिरतो. पाइप कुठल्या कोनात बसावा हे त्याला ठाऊक नसतं. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगळे असल्यामुळे त्यांच्यामधला छोटा शाफ्ट आणि पुढे-मागे जाणारे दोन, असे तीन प्रोपेलर शाफ्ट खाली फिरत असतात. पाइप थोडा जरी वळून बसला तरी कुठल्यातरी शाफ्टच्या वाटेत येतो.

या तिन्ही अटी धरून उत्तर असं निघालं: पुढच्या टोकाला ओठवाला व्ही-बँड, मागच्या टोकाला स्प्रिंगचा गोल बैठकीचा जोड.

पुढचा जोड ऑक्सिजन सेन्सर आणि कॅट यांच्या नंतर घेतला. एक्झॉस्टचा वायू सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मधे पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा खाली जातो. सेन्सरच्या आधी जोड गळत असेल तर तेवढ्या क्षणात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, आणि संगणक उगाच पेट्रोल वाढवत बसतो. वारंवार उघडायचा जोड त्या भागात असूच नये.

खरा विचार लागला तो फ्लेक्सच्या जागेला. जाळीने विणलेला लवचीक तुकडा इंजिनाची डोल आणि लांबीची वाढ दोन्ही सोसणार होता. साधारणपणे तो इंजिनाच्या बाजूला वेल्ड करतात आणि त्याच्यानंतर जोड देतात. पण मग पाइप काढल्यावर फ्लेक्सचं मोकळं टोक लोंबकळतं, गिअरबॉक्स काढताना त्याला धक्के बसतात, आणि आतली घडीची नळी एकदा मुडपली की तिचं आयुष्य संपलं. म्हणून आम्ही क्रम उलटा घेतला: आधी व्ही-बँड, मग लगेच फ्लेक्स, आणि फ्लेक्स मधल्या पाइपासोबतच बाहेर. व्ही-बँड डाउनपाइपसोबत ताठ डोलतो, त्याच्यावर कोनाचा ताण येत नाही. फ्लेक्स खराब झाला तर टेबलावर बदलता येतो. आणि ओठ सोडवायला लागणारे ते काही मिमी फ्लेक्स दाबूनच मिळतात. सायलेन्सरचे रबरी हँगरही थोडं मागे सरकू देतात.

मागच्या गोल जोडाने कोनाचा प्रश्नही सोडवला. त्याचे दोन बोल्ट ठरलेल्या जागी बसतात, म्हणजे पाइपाचं फिरणं आपोआप बंद. पुढच्या फ्लँजांवर पंचने एकेक खूण केली, ती समोरासमोर आली की समजायचं बरोबर. मागे हा जोड घेण्याचं आणखी एक कारण: डोनट पॅकिंग आणि स्प्रिंग-बोल्ट तालुक्याच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातही मिळतात. व्ही-बँडचा पट्टा मिळत नाही. तेव्हा जो भाग घाटात मिळणार नाही, तो एकाच ठिकाणी वापरायचा आणि त्याचा एक जादा पट्टा गाडीतच ठेवायचा.

व्यासाची अडचण आली. पाइप पावणेदोन इंची, आणि व्ही-बँडचे तयार संच दोन इंचापासून पुढे सहज मिळतात. आमच्या गल्लीत कुठलाही टर्नर लेथवर हवे ते फ्लँज काढून देईल, पण खाचेचा उतार आणि फ्लँजचा उतार तंतोतंत जुळला पाहिजे. दोन वेगळ्या ठिकाणचे फ्लँज आणि पट्टा एकत्र केले की पट्टा कडेवर टेकतो, उतारावर बसत नाही, आणि कितीही आवळलं तरी सैलच. म्हणून दोन इंची एकाच उत्पादकाचा पूर्ण संच घेतला आणि पाइपाचं टोक एक्स्पांडरने फुगवून त्यात बसवलं. पुढे पाइप पुन्हा मूळ व्यासाला येतो तिथे छोटा शंकूसारखा उतार ठेवला.

वेल्डिंग सगळं आर्गनचं. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल तार, ३०४ ला मूळ पाइप जोडताना ३०९एल. पाइपाच्या आतूनही आर्गन सोडला. तो न सोडता वेल्ड केलेल्या स्टेनलेसला आतून काळा, खरबरीत, ठिसूळ थर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. वेल्डिंगच्या वेळी व्ही-बँडचे दोन्ही फ्लँज पट्ट्यात हलकेच जखडलेले होते, चार टाके समोरासमोर मारले, मग थोडं थोडं करत, प्रत्येक वेळी थंड होऊ देत पूर्ण केलं. फ्लँज एकटा धरून एका दमात वेल्ड केला की तो अंडाकृती होतो आणि मग कुठलाच पट्टा त्याला गोल करू शकत नाही. आमच्या मिस्त्रीकाकांना याची घाई कधीच नसते, आणि या कामात तोच त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

नट-बोल्टबद्दल. नायलॉनचा लॉकनट इथे चालत नाही, तो शे-सव्वाशे अंशांतच मऊ पडतो. पूर्ण धातूचा, आटे किंचित दाबून घट्ट केलेला, तांब्याचा मुलामा असलेला नट घेतला. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, म्हणून टी-बोल्टवर निकेलयुक्त अँटिसीझ लावायचं, दर वेळी, न विसरता. साधं ग्रीस जळून जातं आणि मागे राखच उरते. टी-बोल्ट बाजूला तोंड करून ठेवला. खाली ठेवला असता तर पहिल्याच जांभ्या दगडाने त्याचे आटे चेचले असते.

पट्टा बसवण्याची एक रीत मालकांना शिकवली आणि हा पूर्ण कामातला सगळ्यात उपयोगी अर्धा मिनिट असावा. नट थोडा आवळायचा, मग पट्ट्याच्या बाहेरून रबरी हातोडीने गोल फिरत हलके ठोके द्यायचे, मग पुन्हा आवळायचं. पट्टा फ्लँजवर घासतो, त्यामुळे बोल्टच्या जवळ ताण जास्त आणि पलीकडच्या बाजूला कमी असतो. ठोक्यांनी तो सगळीकडे सारखा होतो. न ठोकता नुसता जोर लावणारे टी-बोल्ट तोडतात आणि दोष पट्ट्याला देतात.

गाडी सुरू करण्याआधी गळती तपासली: शेपटीच्या पाइपातून ब्लोअरने हवा सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी फिरवलं. व्ही-बँड कोरडा. मागच्या डोनटवर बारीक बुडबुडे आले, ते अपेक्षित होतं. तापून बैठक जमल्यावर पुन्हा तपासलं तेव्हा गेले होते. पहिल्या काही तापण्या-थंड होण्यानंतर व्ही-बँडचा नट एकदा पुन्हा आवळावा लागतो, तसा आवळला. त्यानंतर तो हलला नाही.

पावसात राधानगरीकडच्या एका स्पर्धेत क्लच पुन्हा गेला. मालकांच्या सोबत्याने मधला पाइप एकट्याने काढला, दहा मिनिटांच्या आत. डाउनपाइपचा आधार गिअरबॉक्सवरच्या ब्रॅकेटला आहे, त्यामुळे ब्रॅकेट सोडण्याआधी पाइप तारेने चासीला बांधायचा असतो, हेही त्याने केलं. बसवताना मात्र जास्त वेळ लागला. व्ही-बँडच्या खाचेत चिखल सुकून बसला होता आणि तो ब्रशने काढल्याशिवाय पट्टा उतारावर बसेना. तेव्हापासून गाडीतल्या डब्यात जादा पट्टा, एक डोनट, अँटिसीझची छोटी नळी आणि तारेचा ब्रश एकत्र असतो. फ्लँजची तोंडं झाकायला जुन्या प्लास्टिकच्या दोन टोप्याही त्यांनी ठेवल्यात, कारण पाइप चिखलात पडून राहतो आणि आत गेलेला खडा पुढे सायलेन्सरमध्ये खुळखुळत राहतो.

याच सुमाराला दुसरी एक जिप्सी आली, शहरात चालणारी, सुट्टीत मालवणला जाणारी. तिच्या मालकांनीही ही गाडी पाहून तेच मागितलं. त्यांचा एक्झॉस्ट क्लचसाठी चार-पाच वर्षांतून एकदा निघेल, आणि तोही गॅरेजमध्येच. त्यांना आम्ही व्ही-बँड दिला नाही. मूळ जोड ठेवले, गंजलेले स्टड कापून नवे दिले, तांब्याच्या मुलाम्याचे नट आणि नवीन पॅकिंग लावलं, आणि खारा वारा लागत असल्यामुळे दर सर्व्हिसिंगला आटे साफ करून अँटिसीझ लावायला सांगितलं. खर्च पहिल्या गाडीच्या एका लहान हिश्शाएवढा आला.